जखमेवरचा थर

"आत या," दार अर्धवट उघडून डॉक्टर मृणाली म्हणाल्या. "वेळ नाही, उभ्या उभ्याच सांगते."

प्रितेशच्या शर्टावर आईच्या उलटीतलं रक्त वाळलं होतं. खिशातला फोन सारखा वाजत होता. काल्हेरला घरी दारात मांडव घातलेला, संध्याकाळी बहिणीची, दिपालीची, हळद. सकाळी पाहुण्यांचा भात उपसता उपसता आई, राहीबाई, रक्त ओकली आणि चुलीपाशीच खाली बसली. प्रितेशनं तिला गाडीत घातलं आणि भिवंडीतल्या या हॉस्पिटलात आणलं.

ती कुशीवर पडून होती, गुंगीत. तोंडातून कॅमेऱ्याची नळी आत गेलेली. पडद्यावर तिच्या पोटाची आतली बाजू दिसत होती. एका खड्ड्यातून रक्त पाझरत होतं, थांबत नव्हतं.

"अल्सर आहे. क्लिप लावून पाहिली, बसत नाही. सगळं सुजलंय. दुखण्याच्या कसल्या गोळ्या खात होत्या?"

"गोळ्या? न्हाय वो. गुडघा दुखाचा कधीतरी. पण ती तर बरी होती."

"बऱ्या नव्हत्या. खूप गोळ्या खाल्ल्यात त्यांनी. अशी जखम त्यानंच होते."

प्रितेशनं पडद्यावरच्या खड्ड्याकडं बघितलं.

"एक तर ऑपरेशनला ठाण्याला न्यायचं. नाहीतर मी आत्ता इथंच एक पावडर फवारते. ओल लागली की तिचं जेल होतं आणि जखमेला चिकटून बसतं. टिकेल की नाही, ते आधी सांगता येणार नाही."

ठाण्याच्या रस्त्याला कशेळीच्या पुलापर्यंत लागलेली ट्रकांची रांग त्यानं येतानाच पाहिली होती.

"फवारा," तो म्हणाला.

पडदा पांढरा झाला. धूळ उडाल्यासारखा. मग हळूहळू निवळला. खड्ड्यावर ओल्या डिंकासारखा थर बसला होता.

"थांबलं?"

"बोलू नका."

थराच्या एका कडेला लाल ठिपका आला. वाढला. डॉक्टरांनी तिथं पुन्हा फवारलं. प्रितेशचा फोन वाजला. न बघताच त्यानं तो बंद केला. डॉक्टरांनी नळीतून पाणी सोडलं. थर हलला नाही. त्या तरी बघतच राहिल्या.

"थांबलंय," शेवटी त्या म्हणाल्या. "पण हे कायमचं नाही. एक-दोन दिवसांत हा थर आपोआप सुटेल. तोवर खालची जखम भरायला लागली पाहिजे. सध्या पाणीसुद्धा द्यायचं नाही. आणि पोटात जरा जरी दुखलं तरी मला कळायला हवं."

दुपारी राहीबाईनं डोळे उघडले. प्रितेश खाटेपासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होता. त्यानं दिपालीला फोन लावून आईच्या कानाशी धरला.

"आय, मी हलद थांबवली," दिपालीचा आवाज खोलीभर ऐकू आला. "नवऱ्याकडं पण सांगितलंय."

"येडी हायस का गो? लाव हलद. मी बरी हाय. आताच पेज खाल्ली."

प्रितेशनं फोन काढून घेतला. "खोटं बोलते ती. पाण्याचा थेंब दिला न्हाय तिला. पोटात जखम हाय. कवापासून गोळ्या खाते आन् कुनाला सांगितलं न्हाय."

पलीकडं हुंदका. "मी येते."

"हळदीच्या दिवशी पोरीला रडवलंस," राहीबाई म्हणाली आणि तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

प्रितेशनं कापूस भिजवून तिच्या ओठांवर फिरवला. तिनं फिरवू दिला.

दिपाली आली तेव्हा तिच्या हातांवरच्या मेंदीचा रंग अजून नवा होता. ती आईच्या पायांशी बसली. थोड्या वेळानं डॉक्टर मृणाली आल्या. नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या.

"पोटात दुखतंय का?"

"न्हाय," राहीबाई म्हणाली.

डॉक्टर दाराकडं वळल्या. प्रितेश आईकडं बघत राहिला. दिपालीही.

"वो बाई," राहीबाईनं हाक मारली. "दुखतंय."

डॉक्टर परत आल्या, खाटेच्या कडेला टेकल्या. "कुठं? दाखवा."

राहीबाईनं अंगावरची चादर बाजूला केली. तिनं आधी गुडघ्यावर हात ठेवला. "पयलं हितं," ती म्हणाली आणि मग हात पोटावर नेला.