तळ्यावरची पाटी

अनुसूचित जातीच्या उद्योजकांसाठीचा सरकारी निधी मिळाला आणि रुचिताने नोएडाच्या पुढे माशांचं तळं उभं केलं. बाबांना सगळं सांगितलं होतं, फक्त पाटीचं सोडून. पाटीवर तिने आडनाव घातलं होतं: 'खोब्रागडे मत्स्यपालन'.

बाबा दिल्लीत नोकरीला आले, तेव्हा आडनाव ऐकलं की घरमालक "मतलब, कौन लोग?" विचारायचे आणि खोली नाकारायचे. तेव्हापासून ते 'गुणवंत कुमार' झाले, ते झालेच. घराच्या दारावरही तेवढंच.

उद्घाटनाला आलेले बाबा पाटीसमोर थबकले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"बाबा, रागावलात?"

ते वळले आणि तळ्याच्या बांधावरून सरळ रस्त्याकडे चालू लागले. आता रिक्षा पकडून निघून जाणार, असंच रुचिताला वाटलं.

रस्त्यापलीकडे जाऊन ते थांबले, मागे वळले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता तिथूनच ओरडले, "अगं, इथून नुसतं मत्स्यपालनच वाचता येतंय! खोब्रागडे जरा मोठं काढायला सांग!"