नवी बोटं

तारांखालची घोडी चौथ्यांदा घासूनही तंबोऱ्याचा सूर खुलेना, तेव्हा मिरजेच्या दस्तगीर सतारमेकरांनी कानस खाली ठेवली.

करवतीत गेलेली त्यांची दोन बोटं डॉक्टरांनी पुन्हा उगवून दिली होती. पालीसारख्या दिसणाऱ्या सॅलॅमँडरचा तुटलेला पाय हाडांसकट नवा येतो; तीच किमया आता माणसांनाही लाभली होती. पण ही बोटं तान्ह्या मुलासारखी मऊ होती. चाळीस वर्षांत जुन्या बोटांना जे कळलं होतं, त्यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

बोटं उगवेपर्यंतचे नऊ महिने दुकान मुलीनं, नसरीननं सांभाळलं होतं. त्याआधी त्यांनी तिला घोडीला कधी हातही लावू दिला नव्हता.

"अब्बा, द्या इकडे," ती म्हणाली.

तिनं कानस दोनदाच हलकेच फिरवली, घोडी बसवून तारा चढवल्या आणि छेडल्या. सूर दुकानभर पसरला.

दस्तगीर डोळे मिटून ऐकत राहिले. मग त्यांनी आपलं स्टूल तिच्या शेजारी ओढलं आणि एक कोरी घोडी तिच्यापुढे ठेवली.

"आता ही घास," ते म्हणाले, "पण सावकाश. मला शिकायचंय."