झोळीतली कलिंगडं

सासूबाई गेल्यावर सुनेने त्यांच्या पलंगावरच्या चादरी फाडून झोळ्या शिवल्या. अंगण वीतभर, म्हणून कलिंगडाचा वेल मांडवावर चढवलेला. वजनाने देठ तुटू नये म्हणून प्रत्येक फळाला एक झोळी.

दोन वर्षं पलंगाच्या कडेवर अंगठीची ठकठक ऐकून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. पाणी हवं, ठकठक. कूस बदलायची, ठकठक. कंबर अजून दुखत होती, पण कानांना तरी आता आराम होता.

"पिकलं का गं? वाजवून बघ," नवरा स्वयंपाकघरात सुरी धुता धुता म्हणाला.

तिने सगळ्यात मोठ्या फळावर बोटाचं पेर आपटलं. बद्द आवाज आला. पिकलं होतं. ती देठाला हात घालणार, तेवढ्यात फळाच्या आतून आवाज आला.

ठकठक.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"आईला काय हवंय बघ जरा," नवरा नेहमीच्याच सुरात म्हणाला.

तिचे पाय आपोआप पाण्याच्या पेल्याकडे वळले. "आले," ती म्हणाली.

तिच्या पाठीमागे मांडवावरच्या बाकीच्या झोळ्याही एकेक करून वाजू लागल्या.