तक्रार कोणी केली

पालिकेच्या माणसांनी इडलीच्या दुकानातल्या गल्ल्याखालून प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे गठ्ठे ओढून काढले, तेव्हा सोर्णमअक्का सांबार ढवळत होती. दंडाची पावती तिने निमूट घेतली. समोरचा हॉटेलवाला मात्र आरडाओरडा करत होता. त्याच्याही पिशव्या गेल्या होत्या.

"कुणा मेल्यानं चुगली केली?" रांगेतला कदिरेसन तडकला. "इतके दिवस कायदा झोपला होता, आजच कसा उठला? सांबार काय आता ओंजळीतून नेऊ, अक्का?"

"घरून डबा आण."

"डबा घेऊन फिरू? लोक हसतील!"

कुंभकोणमच्या याच गल्लीत अक्काचे वडील इडल्या विकायचे, तेव्हा कोणी हसत नसे. सकाळी ओट्यावर पितळी कडीच्या डब्यांची रांग लागायची. वडील डबा बघून घर ओळखायचे. "धाकटीचा ताप उतरला का? थोडं रसमही ने." डब्याबरोबर घरची खबर यायची. मग पिशव्या आल्या. माणसं स्कूटर चालूच ठेवून उभी राहू लागली, वाफाळती पिशवी बोटाला अडकवून निघून जाऊ लागली.

गरम सांबारात पिशवीचे डोळ्यांना न दिसणारे कण उतरतात, पोटात जातात, हे अक्काने मागे एकदा दवाखान्यात ऐकलं होतं. तेव्हा दुसऱ्याच दिवशी तिने पिशव्या बंद केल्या होत्या. "छान केलंस, अक्का," सगळे म्हणाले आणि समोरच्या हॉटेलात गेले. महिनाभरात तिने पिशव्या पुन्हा आणल्या.

आता समोरही पिशवी मिळेना. दोन दिवसांनी कदिरेसन तोंड वाकडं करून आला. हातात पोचे आलेला पितळी डबा.

"अरे, हा तर तुझ्या आईचा! कशी आहे ती?"

"गेली, अक्का. पोंगलच्या आधीच."

अक्काचा डाव हवेतच थांबला. रोज याच हातांनी तिने त्याला सांबार दिलं होतं. तिने त्याला बाकावर बसवलं, समोर कॉफी ठेवली. तो बराच वेळ आईबद्दल बोलत राहिला.

तो गेल्यावर रांगेतून पालिकेची निरीक्षक अरुळमोळी पुढे आली. तिने स्वतःचा स्टीलचा डबा ओट्यावर ठेवला आणि हळूच म्हणाली, "तक्रार करणाऱ्याचं नाव आम्ही फोडत नाही, अक्का. पण पहिला पत्ता स्वतःच्याच दुकानाचा देणारं माणूस मी अजून पाहिलं नव्हतं."