उसना फाटक

“आमची तीन माणसं कमी पडतायत,” पाहुण्या संघाचा कप्तान ओशाळून म्हणाला.

रेफरीने घड्याळ पाहिलं. पाहुणे बाराच, म्हणजे न खेळताच घरच्या क्लबचा विजय. हा घरचा क्लब आज हरला तर त्याचं नाव लीगमधून कटणार होतं आणि नावाबरोबर नगरपालिकेचं मैदानही जाणार होतं. तिथे पार्किंग होणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

साठ वर्षांचा रग्बी क्लब. जिंकण्याच्या नावाने आनंदीआनंद, पण गावातली निम्मी कपाटं याच मंडळींनी जिने चढवली होती, चिखलात रुतलेली रुग्णवाहिका ढकलून काढली होती. आणि पाहुणे कमी पडले तर आपली माणसं उसनी द्यायची, हा पहिल्या दिवसापासूनचा रिवाज. घरचा कप्तान पोस्टमास्तर. त्याने बाकावरच्या तीन राखीव खेळाडूंकडे बोट दाखवलं. “घेऊन जा.”

“मास्तरांची अक्कल चरायला गेलीय,” त्याचाच संघ म्हणाला, तेही त्याला ऐकू जाईल असं.

त्या तिघांत फाटक होता. धंद्याने प्लंबर, शंभर किलोचा गडी. समोरचा कोणीही त्याच्याजवळून बिनदिक्कत निघून जायचा, म्हणून हे नाव. चेंडू घेऊन समोरची रेष ओलांडायची आणि तो जमिनीला टेकवायचा, याला ट्राय म्हणतात. फाटकाने बावीस वर्षांत एकही मारला नव्हता. दर शनिवारी त्याचे मळके कपडे उचलताना बायको विचारायची, “आज काय दिवे लावले?” तो तडक आंघोळीला जायचा.

शेवटची दोन मिनिटं उरली. बरोबरी होती. चेंडू चुकून फाटकाच्या हातात आला. सवयीप्रमाणे तो कोणाच्या तरी गळ्यात मारायला निघाला, पण आसपास कोणी नव्हतं. मग पळत सुटला. गावाने आधी शिव्या घातल्या, मग शिट्ट्या वाजवल्या. आपलाच क्लब बुडतोय, याचं कोणाला भान राहिलं नाही. रेषेपुढे एकटे मास्तर उभे होते. दोघे धडकले. मास्तर आडवे झाले आणि फाटक चेंडूसकट रेषेपलीकडे जाऊन पडला.

सामना संपला, पाहुणे जिंकले. मैदानात धावत आलेली बायको फाटकाला सगळं पुन्हा पुन्हा सांगायला लावत होती. फाटक सांगत होता आणि चक्क रडत होता.

रेफरीने मास्तरांना बाजूला घेतलं. “हे बघा, उसनी माणसं असली की निकाल धरायला दोन्ही कप्तानांच्या सह्या लागतात. तुम्ही करू नका. पाहुणे बाराच आले, असं मी लिहितो. तुम्ही जिंकलात, क्लब वाचला.”

“आणि फाटकाचा ट्राय?”

“झालाच नाही म्हणायचं.”

मास्तरांनी पेन मागून घेतलं आणि सही केली.

“अहो, काय करताय?” रेफरी वैतागला. “सगळ्या गावाने पाहिलंय, तुम्ही त्याला मुद्दाम सोडलंत. दोस्तीखातर सोडलेल्या ट्रायसाठी क्लब बुडवताय?”

मास्तर बरगडी दाबून कसेबसे ताठ झाले.

“सोडला? साठ वर्षांचा क्लब डोळ्यांपुढे होता माझ्या. जीव खाऊन धरला होता त्याला. तो मला आडवं करून गेला.”