सगळीकडून पंधरा

गोकुळने थाळी दुसऱ्यांदा धुतली. पहिल्या वेळी दुर्गा ओरडली आणि सहाची शेपटी रेषेला लागली. दुसऱ्या वेळी नऊ घरांतलं एक घर सूतभर लहान पडलं. कंपनीत माल तपासणाऱ्या माणसाला सूतभरही चालत नाही.

पडद्याआड त्याची बायको दुर्गा पहाटेपासून कळा सोसत होती. आता दुपार झाली होती. अडलेल्या बाईला पंधराच्या यंत्राचं पाणी पाजलं की ती मोकळी होते, असं त्याच्या धुळ्याकडच्या घरात मानत. काशाच्या थाळीवर कुंकवाने आखलेली नऊ घरं, त्यांत एक ते नऊ आकडे. कुठूनही मिळवा, पंधरा. मग ते धुऊन तेच पाणी प्यायचं.

"चुकनं तं पानी जहर व्हई जाई," त्याची आई कोंडाबाई म्हणाली.

टोकरखाडा वस्तीतल्या त्यांच्या चाळीसमोर दुर्गाला दवाखान्यात न्यायला आलेली संजूची रिक्षा कधीची सुरू होती. शेजारची नलिनी दारात आली. "भावजी, आधी दवाखान्यात चला. पाणी वाटेत पाजू."

"पानी घरमाच पेवं लागस," कोंडाबाईने बजावलं.

"दोन मिनिटं, वहिनी." गोकुळने कंपनीतून आणलेली स्टीलची पट्टी थाळीवर टेकवली. नलिनी वळून पडद्याआड गेली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, दुसरं काय!

या वेळी दुर्गा ओरडली नाही, त्यामुळे हात हलला नाही. घरं सारखी आली. एकापासून नऊपर्यंत प्रत्येक आकडा आपापल्या घरात बसला. गोकुळने आडव्या, उभ्या, तिरप्या बेरजा करून पाहिल्या. आयुष्यात इतकं बिनचूक काम त्याच्या हातून झालं नव्हतं. तो थाळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन उठला.

पडदा सारून नलिनी बाहेर आली. "राहू द्या आता, भावजी," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून रडू लागली.

बाहेर रिक्षा बंद झाली. कोंडाबाईने थाळीकडे पाहिलं. तिला आकडे वाचता येत नव्हते.

"तू कोठे तरी चुकना," ती म्हणाली.

गोकुळ थाळी घेऊन दारातल्या उजेडात बसला. आडवी ओळ. उभी ओळ. तिरपी. पुन्हा आडवी. एकदा तरी चौदा येऊ दे, असं त्याने मनापासून मागितलं.

पंधराच आले.