कापडाचं छत

"हे कापड आहे, आई," यार्को गाडीच्या छतावर बोट दाबत म्हणाला. "तंबू आहे हा. चाकं लावलेला."

हिल्माने मान हलवली. कापड आहे हे तिलाही दिसत होतं. तिने लाल गाडीला आणखी एक फेरी मारली आणि दार उघडून आत डोकावली.

यार्कोचं डोकं सकाळपासून तापलं होतं. आईला गाडी घ्यायची म्हणून त्याने विमा कंपनीतून रजा काढली, तिला बेटावरून फेरीबोटीने आणलं, वाटेत उंच चाकांच्या दणकट गाड्यांचे गुण गायले. ती प्रत्येकीला 'हं' म्हणाली. फिनलंडमधली आई 'हं' म्हणाली की फिनलंडमधला मुलगा त्याला होकार समजतो. त्यांच्या घराण्यात त्याहून लांब होकार कुणी ऐकलाच नव्हता. आणि दुकानात पाय ठेवताच ही बाई तरातरा कोपऱ्यातल्या या टप उघडणाऱ्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली.

ऑगस्ट सरत आला होता. असली गाडी आता वसंतापर्यंत गळ्यात राहणार, या विचाराने दुकानदार रेइमा टेकीला आलेला. त्याने लगबगीने कॉफी ओतली, वेलदोड्याचे पाव पुढे केले आणि गिऱ्हाईक मध्येच शुद्धीवर येऊ नये म्हणून गप्प उभा राहिला.

यार्कोने मग पाढा वाचला. ऑक्टोबरात बर्फ पडतो आणि मे महिन्यात कुठे चिखल वाळतो. उरलेल्या दिवसांतले काही पावसाचे, काही डासांचे. छत उघडून मिरवायला राहिलं काय? त्याच्या ऑफिसात एकाने हौसेने अशी गाडी घेतली, तर बर्फाच्या वजनाने छत फाटून आतल्या सीटवर ढीग साचला होता. हिल्मा पाव खात ऐकत होती. पाव चांगला होता.

खरं तर राग गाडीवर नव्हता, बेटावर होता. यार्कोचा बाप, आर्वो, मार्चअखेरीस गोठलेल्या तळ्यावरून घरी परतताना बर्फ फुटून गाडीसकट बुडाला होता. तेव्हापासून दोन हिवाळे हिल्मा बर्फावरच्या रस्त्याला लागली नव्हती. तळं गोठलं की फेरीबोट बांधून ठेवतात. मग बेटावरून निघायला तो एकच रस्ता. कमरेच्या सांध्याचं ऑपरेशन झाल्यापासून स्नोस्कूटरवर टांग टाकून बसणंही जमत नव्हतं. शेजारी पीठ, कॉफी आणून देत. धाकट्या नातीच्या बारशाला आजी नव्हती. शेवटी वसंतात मायलेकांचं ठरलं: येत्या हिवाळ्यातही तिला पलीकडे येता आलं नाही, तर बेटावरचं घर विकायचं आणि यार्कोने शहरात बघून ठेवलेल्या फ्लॅटमध्ये राहायचं. हिल्माने तेव्हाही 'हं' म्हटलं होतं.

आणि आता हे खेळणं. यार्कोला वाटलं, आपली थट्टा चालली आहे.

"ही गाडी घेतलीस तर हिवाळ्याची वाट बघायची नाही," तो म्हणाला. "फ्लॅटचं मी आजच नक्की करतो. असली गाडी घेणाऱ्या माणसाला बेटावर एकटं ठेवता येत नाही."

रेइमा आपल्या बुटांकडे बघू लागला. हिल्माने ओठावरचा चुरा पुसला आणि त्याला विचारलं की कडाक्याच्या थंडीत हे छत उघडतं का.

रेइमाचं दुर्दैव असं की तो खोटं बोलणारा नव्हता. "तेव्हा उघडायचं नाही, काकू. कापड कडक होतं, चिरतं. उबदार गॅरेजात उघडून मग बाहेर काढली तर चालेल. पण तसं कोण कशाला करेल?"

"माझ्या गॅरेजात शेगडी आहे," हिल्मा म्हणाली आणि पर्समध्ये चष्मा शोधू लागली.

आता मात्र यार्कोचा तोल गेला. भर हिवाळ्यात उघड्या गाडीत बसून ती कुठे निघाली आहे, न्यूमोनियाचं काय, गावात तोंड कसं दाखवायचं, सगळं त्याने एका दमात विचारलं. हिल्माने चष्मा घातला. इतका वेळ गिळलेला संताप आता तिच्या आवाजात आला. आवाज मात्र चढला नाही.

"स्नोस्कूटरवाल्यांना विचारतोस का कधी, छत कुठाय म्हणून? बर्फावर उतरायच्या आधी आपण काय करतो, यार्को?"

त्या काठावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. यार्कोने शाळेतल्यासारखं सांगायला सुरुवात केली. "सीटचा पट्टा सोडतो. काच खाली..." आणि तो थांबला.

"तुझ्या बाबांनी पट्टा सोडला होता," हिल्मा म्हणाली. "काच वर होती. गार लागत असणार."

गाडी तळ्यातून वर काढली तेव्हा दोघांनीही ते पाहिलं होतं. त्यावर एक शब्द कधी बोलले नव्हते. यार्कोचा हात अजून गाडीच्या छतावर होता. तो त्याने काढून घेतला.

"बंद डब्यात बसून मी त्या बर्फावर जाणार नाही," ती म्हणाली. "आणि छोटीचा वाढदिवस जानेवारीत आहे."

रेइमा धीर करून पुढे झाला आणि म्हणाला की तिची इच्छा असेल तर आत्ता छत उघडून गावातून एक फेरी मारून यावी. ऊन छान आहे, वर्षातले असे दिवस किती मिळतात.

"नको," हिल्मा म्हणाली. "उन्हाळ्यात ते बंदच राहील."